जुनी वाद्यं सोडतीने विकणाऱ्यांना खुलं पत्र: आधी नाव काढा, मग पैसे घ्या

प्रति,
वापरलेली वाद्यं, ॲम्प, सिंथ (सिंथेसायझर), पेडल आणि रेकॉर्डिंगचं सामान ऑनलाइन सोडत काढून विकणारे सर्व आयोजक

सप्रेम नमस्कार.

तुमची पद्धत आता सगळ्यांना ठाऊक आहे. एखादी गिटार किंवा सिंथ घ्यायचा, त्याच्या किमतीचे पन्नास नाहीतर शंभर भाग करायचे आणि एकेका भागाचं एकेक तिकीट विकायचं. तिकिटं संपली की नंबर निघतो आणि ज्याचा नंबर त्याची वस्तू. विकणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळते, एकाला थोडक्यात वाद्य मिळतं, बाकीच्यांचं फार काही जात नाही. मांडणी सगळ्यांच्या सोयीची वाटते, आणि तुमच्यापैकी बहुतेक जण ती चांगल्या हेतूनेच चालवतात हेही आम्ही जाणतो. तरीही हे पत्र लिहितो आहोत, कारण या व्यवहारात वस्तू पारखून घेणारं गिऱ्हाईकच उरत नाही.

साध्या विक्रीत घेणारा पूर्ण रक्कम मोजणार असतो, म्हणून खोदून खोदून विचारतो. गिटारची नेक, म्हणजे लांब मान, सरळ आहे का, सगळे आवाज लागतात का, आत कुणी काही बदललंय का, मूळ बिल आहे का. तो फोटो पुन्हा मागतो, जमलं तर येऊन वाजवून बघतो. विकणाऱ्याला हे प्रश्न नकोसे होतात, पण जुन्या सामानाची पारख करणारी दुसरी कुठलीही यंत्रणा या बाजारात नाही. सोडतीत तिकीट घेणारा किमतीचा पन्नासावा हिस्सा देतो, आणि तेवढ्यासाठी नेकचा फोटो कोण मागणार? वस्तू कुणाच्या घरी जाणार हे पैसे जमा होईपर्यंत कुणालाच माहीत नसतं, खुद्द त्या माणसालाही नाही. घरी आल्यावर दोष निघालाच तर ‘इतक्या स्वस्तात मिळालं, आता काय बोलायचं’ म्हणून तो गप्प बसतो. उरलेल्या एकोणपन्नास जणांना ती वस्तू दिसतच नाही. म्हणून जे सामान थेट विक्रीत चार प्रश्नांपुढे टिकत नाही, ते हळूहळू सोडतीकडे सरकतं. त्यासाठी कुणी लबाड असण्याचीही गरज नाही. विचारणारा नसला की सांगणाराही ढिला पडतो.

काय काय लपून राहतं ते नीट सांगायला हवं.

रोलँडचा जुनो-१०६ घ्या. १९८४ चा हा सिंथ सहा आवाजांचा आहे, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजवू शकतो, आणि प्रत्येक आवाजामागे ८००१७ए नावाची एक चिप असते. तिच्यावरचं आवरण वर्षांनुवर्षांत बिघडतं, मग तो आवाज करकरतो, अडकतो किंवा बंद पडतो. जाहिरातीतल्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत तीन सुरांचा एखादा कॉर्ड वाजतो, वर आवाज दाट करणारा भरपूर कोरस असतो आणि सहापैकी एक आवाज मेलेला असला तरी कळत नाही. तपासणी सोपी आहे. ‘की ट्रान्सपोज’ बटण दाबून धरून सिंथ चालू केला की तो चाचणीच्या अवस्थेत जातो आणि कुठल्या क्रमांकाचा आवाज वाजतोय ते पडद्यावर दिसतं. कोरस बंद करून एकेक सूर वाजवायचा आणि सहाही क्रमांक येऊन गेलेले दिसतील असा, मध्ये कुठेही न कापलेला व्हिडिओ द्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

कॉर्गच्या १९८१ च्या पॉलिसिक्सचं दुखणं वेगळं. त्यात साठवलेले आवाज टिकवणारी निकेल-कॅडमियम बॅटरी केएलएम-३६७ या बोर्डावरच बसवलेली असते. ती गळली की आतलं द्रव्य बोर्डावर पसरतं आणि तांब्याच्या रेषा खात जातं. बाहेरून पेटी चकचकीत आणि लाकडी बाजू पुसलेल्या असतात, पण आत बोर्ड हिरवा पडलेला असतो. पॉलिसिक्स विकताना झाकण उघडून काढलेला त्या बोर्डाचा फोटो नसेल, तर बाकीच्या वीस फोटोंना काही अर्थ नाही. यामाहाच्या डीएक्स७ मधली ३ व्होल्टची लिथियम बॅटरी संपली तर यंत्र चालतं, फक्त साठवलेले आवाज जातात. दोष किरकोळ आहे, पण तो लिहिलेला असला पाहिजे, कारण ती बॅटरी बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि ज्याच्या हाती वस्तू जाईल त्याला सोल्डरिंग येत असेलच असं नाही.

गिटारमध्ये तीन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिली म्हणजे नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर मोजायचं. पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. एक मिलिमीटर दिसलं तर दुसरी गोष्ट लगेच तपासायची, ती म्हणजे ट्रस रॉड, नेकच्या आतली बाक सुधारणारी धातूची सळई. त्याचा नट दोन्ही बाजूंना थोडा फिरतो, की आधीच शेवटपर्यंत आवळून झालेला आहे? आवळून झाला असेल तर ती गिटार ‘थोडं सेटअप लागेल’ या वर्गातली नसते, तिला कारागिराचं मोठं काम लागतं. तिसरी, हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा वरचा भाग. मागे कललेला हेडस्टॉक असलेल्या गिटारी पडल्या की नेमक्या नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे तडकतात. चिकटवून वर पॉलिश केलं की समोरच्या फोटोत काही दिसत नाही, पण मागच्या बाजूने तिरक्या उजेडात काढलेल्या फोटोत रेघ दिसते. नीट चिकटवलेला सांधा पुढे वर्षांनुवर्षं टिकतो, पण किंमत बरीच उतरते, आणि सोडतीत ती उतरलेली कधी दिसत नाही.

बाकी सामानाचं थोडक्यात. हार्मोनियमचा भाता भरून एकही पट्टी न दाबता थांबायचं, हवा लगेच निघून गेली तर कुठेतरी गळती आहे. मग प्रत्येक पट्टी प्रत्येक खुंटी उघडून स्वतंत्र वाजवायची. मिक्सर आणि पेडलचा प्रत्येक नॉब, आवाज चालू असताना, शून्यापासून शेवटपर्यंत सावकाश फिरवून रेकॉर्ड करायचा. शुअर एसएम५८ सारख्या मायक्रोफोनच्या नकला एवढ्या फिरतात की जाळी काढून आतल्या कॅप्सूलचा (आवाज टिपणाऱ्या भागाचा) फोटो आणि खरेदीचं बिल दोन्ही हवंच. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पच्या आत ४०० व्होल्टच्या घरातला दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) उरतो, म्हणून आतला फोटो जाणकार दुरुस्तीवाल्यानेच काढावा. कपॅसिटर आणि व्हॉल्व्ह शेवटचे कधी बदलले ते लिहावं, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहावं. कुठल्याही फोटोत वस्तूशेजारी तारीख आणि सोडतीचा क्रमांक लिहिलेला कागद असावा. नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीतून उचललेला फोटो ओळखायचा कसा? यंत्रावरचा अनुक्रमांक स्वतःकडे नोंदवून ठेवा आणि घेणाऱ्याला द्या. चोरीचा माल सोडतीत घालणं सोपं असतं, कारण बिल मागणारा कुणी नसतो.

आता पैशाचं गणित. ५० तिकिटं, प्रत्येक तिकीट किमतीच्या २ टक्के. सारख्याच किमतीच्या १० सोडतींत एकेक तिकीट घेतलं तर एकदा तरी नंबर लागण्याची शक्यता साधारण १८ टक्के आहे. ५० सोडतींत एकेक तिकीट घेतलं तर तोवर एका अख्ख्या वाद्याइतके पैसे खर्च झालेले असतात आणि तरीही हाती काहीच न आलेलं असण्याची शक्यता ३६ टक्के असते. म्हणजे अशा शंभर जणांतल्या छत्तीस जणांनी पूर्ण किंमत मोजली आणि त्यांना एक वायरसुद्धा मिळाली नाही. ज्याला वाजवायला वाद्य हवं आहे त्याने हे पैसे बाजूला ठेवले असते तर वाद्य नक्की घरी आलं असतं. सोडतीत सर्वांत जास्त तिकिटं घेणारे बहुधा हेच असतात, ज्यांना एकरकमी घेणं जमत नाही ते. पन्नास तिकिटांत आपला नंबर विजेत्याच्या शेजारी आला म्हणून ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटतं आणि पुढचं तिकीट घेतलं जातं. विजेता २३ आणि आपला २४ असला काय किंवा ४९ असला काय, हुकणं सारखंच असतं.

हे झालं तिकिटांची बेरीज वस्तूच्या रास्त किमतीइतकी असताना. बेरीज कुणी करत नाही, हीच खरी अडचण आहे. रास्त किंमत १०० असताना तिकिटांची बेरीज १३० केली, तर तिकीट घेणाऱ्यांच्या दर १०० मागे सरासरी ७७ चीच वस्तू परत येते. थेट विक्रीत १३० मागितले असते तर पहिल्याच माणसाने हसून फोन ठेवला असता. तिकीट लहान दिसतं म्हणून ती वरची ३० कुणाच्या नजरेला येत नाहीत. किंमत ठरवताना लोकांनी मागितलेले आकडे बघू नका, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे बघा. मागितलेली किंमत महिनोन्‌महिने तशीच लटकलेली असते.

कायद्याकडे वळू. जवळजवळ सगळीकडे एकच कसोटी लावली जाते. बक्षीस आहे का, निकाल नशिबावर आहे का, भाग घ्यायला मोबदला द्यावा लागतो का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की ती लॉटरी, तुम्ही तिला काहीही नाव द्या. ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्यानुसार खाजगी नफ्यासाठी अशी लॉटरी चालवता येत नाही. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत, पण रॅफलची, म्हणजे अशा तिकिटांच्या सोडतीची, मुभा साधारणपणे धर्मादाय आणि ना-नफा संस्थांनाच असते. भारतात राज्य सरकारची नसलेली किंवा राज्याने परवानगी न दिलेली सोडत काढण्यासाठी कचेरी चालवणं आणि तिची जाहिरात करणं या दोन्हींसाठी फौजदारी कलम आहे. जुन्या दंड संहितेत ते २९४-अ होतं, भारतीय न्याय संहितेत २९७ आहे.

यातून सुटायला काढलेल्या वाटा आम्ही पाहिल्या आहेत. गिटारचं एक पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) तिकिटाच्या भावात विकायचं आणि ‘सोबत सोडतीत प्रवेश मोफत’ म्हणायचं. पिकची किंमत प्रवेशामुळे वाढलेली असेल तर ब्रिटनचा कायदा तिला प्रवेशाचाच मोबदला धरतो, आणि इतरत्रही ही पळवाट फार टिकेल असं समजू नका. दुसरी वाट म्हणजे एक प्रश्न विचारायचा, गिटारला किती तारा असतात अशा धर्तीचा, आणि ही कौशल्याची स्पर्धा आहे म्हणायचं. प्रश्न इतका अवघड असला पाहिजे की त्यामुळे बऱ्याच जणांना भाग घेता येऊ नये किंवा बक्षीस मिळू नये, अशी ब्रिटनच्या कायद्याची अट आहे. सहा तारांच्या प्रश्नाने कोण अडणार आहे? पैसे वळते करणाऱ्या बऱ्याच सेवांच्या अटींतही परवान्याशिवायच्या लॉटरीला मनाई असते. खातं गोठलं तर पन्नास जणांचे पैसे तुमच्या नावावर अडकतात आणि वस्तू पाठवायची की नाही हे तुम्हालाच कळेनासं होतं. ‘मित्राला पाठवलेले पैसे’ असा पर्याय निवडायला सांगून हे टाळता येईल असं वाटतं, पण त्या पर्यायात देणाऱ्याला बहुधा कसलंच संरक्षण नसतं. तसं सांगणारा आयोजक लोकांचा तेवढा एक हक्कही काढून घेतो.

मग सोडत नकोच का? तसं आमचं म्हणणं नाही. एखादी दुर्मीळ वस्तू रास्त भावात आली की चाळीस जणांना ती हवी असते. पहिल्याला द्यायची म्हटलं तर दिवसभर पडद्याला डोळे लावून बसलेल्याला मिळते. लिलाव केला तर ज्याच्याकडे जास्त पैसे त्याला मिळते. चाळिसांतून नाव काढणं या दोन्हींपेक्षा न्याय्य आहे. फक्त सोडत काढायची ती कुणाला पैसे न देता वस्तू मिळावी म्हणून काढू नका. विकत घ्यायची पहिली पाळी कुणाची, एवढंच तिने ठरवावं.

पद्धत अशी. वस्तूची पक्की किंमत, सर्व दोषांसह, आधी जाहीर करा. नावनोंदणी मोफत ठेवा, माणशी एकच नाव आणि मुदत ४८ तास. त्यानंतर केवळ एक विजेता काढू नका, सगळ्या नावांचा क्रम काढा. पहिल्याला ७२ तास द्या. त्यात त्याने हवे ते प्रश्न विचारावेत, व्हिडिओवर वस्तू वाजवून मागावी, जवळ असेल तर येऊन बघावी आणि मग पूर्ण किंमत द्यावी. त्याने नको म्हटलं तर कारण विचारू नका, क्रमातल्या दुसऱ्याकडे जा. पाचव्यापर्यंत सगळ्यांनी तपासून नको म्हटलं, तर वस्तूत किंवा किमतीत काय चुकलंय ते तुम्हाला कळेल, आणि ते सगळ्यांना सांगा. भाग घ्यायला कुणी पैसे दिलेले नसतात, त्यामुळे कसोटीतला मोबदल्याचा पाया निघून जातो. विकणाऱ्याला रास्त किंमत पूर्ण मिळते. त्या किमतीला घेणारा एकही निघाला नाही तर विक्री होणार नाही, हे खरं. अशा वेळी विकणाऱ्याचं नुकसान झालं असं आम्ही मानत नाही. त्याने लावलेली किंमत बाजाराला मान्य नव्हती, इतकंच. परत मिळणारी अनामतसुद्धा घेऊ नका, तिने पुन्हा मोबदल्याचा वाद उभा राहतो.

नोंदणी मोफत केली की एकच माणूस दहा नावांनी येतो. त्यावर उपाय हा की ज्या नावाने नोंद, त्याच नावाने पैसे आणि त्याच नावावर पार्सल. पाळी दुसऱ्याला देता येणार नाही. नाव जुळलं नाही तर त्या माणसाची पाळी रद्द. हे नियम नोंदणी सुरू व्हायच्या आधी लिहिलेले असावेत, नंतर घातलेला कुठलाही नियम कुणाविरुद्ध तरी घातलेला दिसतो. विकणारा, त्याच्या घरची माणसं आणि आयोजक यांनी नाव देऊ नये.

आता नाव काढायचं कसं यावर जरा थांबतो, कारण इथे प्रामाणिक माणसांचेही हात पोळतात.

भांड्यातल्या चिठ्ठ्या निष्पक्ष असतात असं आपण धरून चालतो. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीचा क्रम ठरवायला ३६६ जन्मतारखांच्या कॅप्सूल काचेच्या भांड्यातून काढल्या. त्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि पुरेशा मिसळल्या नव्हत्या. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतल्या तारखा प्रमाणाबाहेर आधी निघाल्या, आणि आकडेवारीच्या अभ्यासकांनी ते दाखवून दिलं. तिथे कुणी फसवलेलं नव्हतं. पेनसिल्व्हेनियाच्या लॉटरीत २४ एप्रिल १९८० रोजी मात्र फसवलं होतं. ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंत रंग टोचून ते जड केले होते आणि सगळ्यांसमोर दूरचित्रवाणीवर ६६६ निघाला. संगणकाने हा प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या एकत्रित लॉटरी संस्थेत संगणक सुरक्षेचा प्रमुख असलेल्या एडी टिप्टनने आकडे निवडणाऱ्या आज्ञावलीतच फेरफार केला होता. २०१५ मध्ये तो दोषी ठरला. थेट प्रक्षेपणात फिरणारं रंगीत चक्र हा तर यांतला सर्वांत कच्चा मार्ग आहे. निकाल आधीच ठरवून ठेवता येणारी चक्रं सहज मिळतात, आणि ‘नेट गेलं म्हणून पुन्हा फिरवतो’ हे वाक्य एकदा उच्चारलं की त्या सोडतीवर कुणी विश्वास का ठेवावा?

सार्वजनिक आकड्याचे शेवटचे दोन अंक घेणं त्यापेक्षा बरं, पण त्यातही एक खड्डा आहे. समजा नावं ६० आहेत आणि ०० ते ९९ मधला आकडा येणार आहे. बरेच जण ६० ने भागून बाकी घेतात. मग ० ते ३९ या बाक्या प्रत्येकी दोन आकड्यांतून येतात आणि ४० ते ५९ या एकाच आकड्यातून. म्हणजे यादीतल्या पहिल्या चाळीस जणांना शेवटच्या वीस जणांच्या दुप्पट संधी मिळते. दोनच अंक वापरायचे असतील तर ६० किंवा त्याहून मोठा आकडा आला की तो सोडून पुढचा घ्यायचा, आणि ‘पुढचा’ म्हणजे कुठला हे आधी लिहून ठेवायचं.

आमच्या मते योग्य पद्धत ही. नोंदणी संपली की यादी गोठवा. प्रत्येक ओळीत तीन अंकी क्रमांक आणि त्या माणसाने निवडलेलं टोपणनाव, बाकी काही नाही. त्या मजकुराचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे मजकुरावरून गणिताने निघणारी ठरावीक लांबीची खूण, काढून यादीसोबत जाहीर करा. यादीत एखादी मोकळी जागा वाढली तरी ठसा पूर्ण बदलतो, त्यामुळे मागाहून नाव घुसवता येत नाही. मग यादृच्छिक आकड्याचा असा स्रोत आणि अशी भविष्यातली वेळ जाहीर करा, जी तुमच्या हातात नाही. अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था, एनआयएसटी, दर ६० सेकंदांनी ५१२ बिटांचा एक आकडा प्रसिद्ध करते आणि जुने आकडे साखळीने जोडून जपून ठेवते. ‘उद्या जागतिक प्रमाण वेळेनुसार १४:०० वाजताचा आकडा, तो प्रसिद्ध झाला नाही तर त्यानंतरचा पहिला’ असं लिहा. आकडा आल्यावर प्रत्येक नावासाठी तो आकडा, मग एक आडवी रेघ, मग त्या नावाचा क्रमांक असा मजकूर जोडून त्याचा एसएचए-२५६ ठसा काढा आणि सगळे ठसे चढत्या क्रमाने लावा. सर्वांत वरचं नाव पहिलं, त्याखालचं दुसरं, असा पूर्ण क्रम एकदमच मिळतो. आकड्यात अंकांसोबत इंग्रजी अक्षरंही असतात, ती मोठ्या लिपीत लिहायची की लहान, मध्ये जागा सोडायची की नाही, हे एका नमुन्यासह आधी दाखवा. नाहीतर तपासणाऱ्याचे ठसे जुळत नाहीत आणि विनाकारण भांडण होतं.

यात प्राण आहे तो वेळेच्या अंतरात. यादी बंद होते तेव्हा आकडा जन्मलेला नसतो, आणि आकडा जन्मतो तेव्हा यादी बदलता येत नाही. ही कल्पना काही आमची नाही. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या आयईटीएफने आपल्या नामनिर्देशन समितीचे सदस्य स्वयंसेवकांतून निवडण्यासाठी याच धर्तीची पद्धत २००४ मध्ये आरएफसी ३७९७ म्हणून लिहून ठेवली आहे. तुमच्यावर विश्वास ठेवण्याची गरजच कुणाला पडू नये, अशी ती रचना आहे, आणि ती आयोजकाच्या फायद्याची आहे. हरलेल्या माणसाच्या मनात शंका येतेच, ती त्याला स्वतःच फेडता आली पाहिजे.

पहिला नंबर कुठल्या देशातून येईल हे आधी कळत नाही, आणि जड सामानात तिथेच गाडी अडते. व्हॉल्व्हचा ॲम्प १२० व्होल्टचा असेल आणि घेणाऱ्याकडे २३० व्होल्ट येत असेल, तर नुसता प्लग बदलून लावलेला ॲम्प पहिल्याच दिवशी जळू शकतो. आतला ट्रान्सफॉर्मर दोन्हींसाठी आहे का ते मागच्या पट्टीवरून वाचून जाहिरातीत लिहा. पाठवणीचा खर्च नोंदणीपूर्वीच प्रदेशानुसार जाहीर करा, वस्तू आणि खोका मिळून वजन आणि तिन्ही मापं देऊन. कुरिअर कंपन्या मोठ्या पण हलक्या खोक्याचे पैसे आकारमानावरून घेतात आणि गिटारचा खोका नेहमी त्यातच बसतो. लाकडाचंही बघा. ब्राझीलियन रोजवूड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, कागदपत्रांशिवाय ते सीमेपलीकडे पाठवता येत नाही. डाल्बर्जिया या रोजवूडच्या गटातली इतर लाकडं जानेवारी २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आली. तयार वाद्यांना त्यातून नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली, पण पहिल्या परिशिष्टातल्या लाकडाला ती लागू नाही. जुन्या गिटारचा फिंगरबोर्ड कशाचा आहे हे खात्रीने सांगता येत नसेल, तर ती देशाबाहेर पाठवणार नाही असं आधीच लिहिलेलं बरं.

बांधणीत दोनच गोष्टी सांगतो. खोक्यात खोका, मध्ये सगळ्या बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर गादी, आणि सिंथच्या नॉबवर वरून कसलाही भार येणार नाही अशी चौकट. गिटारच्या हेडस्टॉकखाली आणि नेकखाली आधार भरलेला हवा, खोका आडवा पडला की धक्का तिथेच बसतो. ऑडिओ इंटरफेस किंवा सॉफ्टवेअरसोबत येणारं यंत्र असेल तर जुन्या मालकाच्या खात्यातून त्याची नोंद सुटल्याचं दिसेपर्यंत पैसे विकणाऱ्याकडे सोडू नका.

परवाना घेऊन एखाद्या धर्मादाय कामासाठी पैसे लावून सोडत काढत असाल तर ती वेगळी बाब आहे, तिथे परवान्याच्या अटी चालतील. एक मात्र तिथेही पाळा. न खपलेली तिकिटं आयोजकाच्या किंवा विकणाऱ्याच्या नावावर चढवू नका. ५० पैकी ३० खपली आणि उरलेली २० विकणाऱ्याने ‘घेतली’, तर वस्तू त्याच्याकडेच राहण्याची शक्यता ४० टक्के, आणि ३० तिकिटांचे पैसेही त्याचेच. किमान किती तिकिटं खपली तर सोडत निघेल तो आकडा आधी सांगा, आणि तेवढी न खपल्यास पैसे परत करा.

सध्या ज्यांच्या सोडती अर्ध्यावर आहेत त्यांना आमची विनंती अशी. आजपासून तिकिटं थांबवा आणि घेतलेले पैसे सात दिवसांत ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत पाठवा. दुसऱ्या खात्यात किंवा दुसऱ्या नावावर परतावा मागणाऱ्याला नकार द्या, तिथेच फसवणूक होते. परताव्याची यादी टोपणनावांनिशी जाहीर करा, म्हणजे कुणाचे राहिले ते दिसेल. मग तीच वस्तू, तपासणी पूर्ण करून, पक्क्या किमतीला लावा. ज्यांनी तिकिटं घेतली होती त्यांची नावं पहिल्या फेरीत घ्या, माणशी एकच, त्यांनी तिकिटं कितीही घेतली असोत. पैसे आणण्या-पाठवण्यात जे शुल्क कापलं गेलं ते त्यांच्या परताव्यातून वजा करू नका. सोडत तुम्ही जाहीर केली होती, ते शुल्क तुम्ही भरायचं आहे.

आपले,
जुनी वाद्यं दुरुस्त करणारे, विकणारे आणि विकत घेणारे